व्ही. माहीमकर

सकाळी दहा वीसला पहिला फोन, तिसऱ्या मजल्यावरून.
कारखानीस बाई : "अहो, आमचा हिरवा ठिपका लागत नाहीये.
नुसतं फिरतंय."
मग चार्टरिंगचे दारूवाला. मग कस्टम्सच्या टेबलावरची फ्लेव्हिया.
मग एकदम सगळेच.

बॅलार्ड इस्टेटच्या आमच्या दगडी इमारतीत
चॅट बंद पडलं की माणसं जिन्यात भेटू लागतात,
तेवढाच काय तो फायदा.

मी नेहमीचं विचारत गेलो.
कॅप्स लॉक बघितलात? पासवर्ड बदललात का?
बंद करून पुन्हा चालू?
ब्राउझर उघडतोय?
"सगळं उघडतंय हो. अँटवर्पला कुठलं जहाज लागलंय ते दिसतंय मला.
फक्त चितगावचा एजंट दिसत नाहीये,
आणि आमचं जहाज तिथे नांगर टाकून उभं आहे."

म्हणजे नेट आहे. पासवर्ड बरोबर आहे.
मशीनचं घड्याळसुद्धा पाहिलं.
घड्याळ मागे पडलं तरी दार उघडत नाही,
हे मला माहीमकरने शिकवलेलं.
ब्राउझर आपला रस्ता आपण शोधतो,
चॅटला मात्र हाताला धरून न्यावं लागतं,
हेही त्यानेच.

मग सेटिंग्ज. त्यात कनेक्शन. त्यात, अगदी तळाला, प्रॉक्सी.
तिथे सहसा कोणी उतरत नाही.
पत्ता बरोबर. पोर्ट बरोबर, तीन एक दोन आठ.
खाली वापरणाऱ्याचं नाव :
व्ही. माहीमकर.
आणि आठ काळे ठिपके.

दारूवालांच्या मशीनवर : व्ही. माहीमकर.
फ्लेव्हियाच्या मशीनवर :
व्ही. माहीमकर.

दोन वर्षांपूर्वीच्या एका शनिवारी
चोपन्न मशीनं त्याने एकट्याने लावली,
आणि प्रत्येकाला कुठे विचारत बसायचं म्हणून
स्वतःचंच नाव टाकत गेला.
"नंतर बदलू रे," म्हणाला.
आमच्या धंद्यात 'नंतर' हा कायमचा पत्ता असतो.

ऑगस्टमध्ये तो गेला. डेंग्यू, केईएम, चार दिवस.
काल एचआरचा मेल आला : निष्क्रिय खाती काढून टाकावीत.
अकरा नावं होती.
सहाला पाच कमी असताना मी अकराही पुसली.
सातवं नाव वाचलं होतं. वाचलं नव्हतं असं म्हणत नाही.
पण थांबलो नाही, बस चुकली असती.

कॉलेजात आम्ही प्रॉक्सी लावायचो,
मागच्या बाकावरून, आवाज बदलून, "येस सर".
एकाची, दोघांची. तिसऱ्याची लावताना घसा दगा द्यायचा.
इथे एक माणूस चोपन्न जणांची हजेरी लावत होता,
मेल्यावरही सात महिने,
आणि एकाही मास्तरने मान वर केली नाही.

दारूवाला म्हणाले, "अरे, ते खातं परत चालू कर ने.
एक क्लिक. जहाज उभं छे."
खरं होतं. एकच क्लिक.
मी म्हटलं, नको. का ते सांगता आलं नाही.
मजल्यामजल्याने फिरलो.

कारखानीस बाईंकडे ती चिठ्ठी अजून होती,
रुजू होताना प्रत्येकाला दिलेली, नाव आणि पासवर्डची,
ड्रॉवरमध्ये, रेव्हेन्यू स्टॅम्पांच्या खाली.
दोन बोटांनी त्यांनी आपलं नाव टाकलं.
स्पेलिंग चुकलं. पुन्हा टाकलं.
ठिपका हिरवा झाला, आणि लगेच चितगावहून :
मॅडम, कुठे होतात?
बाईंनी थोडा विचार केला, लिहिलं : इथेच.

चार वाजता माझ्या टेबलाशी आलो.
तक्रार क्रमांक, कारण : प्रॉक्सी, उपाय : दुरुस्त.
माझा ठिपका राखाडीच.
सेटिंग्ज, कनेक्शन, तळाला.
हो.

खाली जाऊन चहा पिऊन आलो.
मग बॅकस्पेस, दहा वेळा, मधला बिंदू धरून.
माझं नाव टाकलं.
पासवर्ड मागितला.
तो मला कधी लागलाच नव्हता.
चिठ्ठी मी कुठे ठेवली होती, आठवेना.